'हात चांगला आहे' म्हणजे नक्की काय? एका पेपरची चिरफाड



पेटच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा आणि त्याच्या मर्यादा सांगा." दहापैकी आठ जण पेपरचं नाव सांगतात आणि मग म्हणतात, "सर, सॅम्पल साइज लहान आहे." समोरचे सर मान डोलावतात आणि विचारतात, "बरं, मग?" इथे आपली गाडी अडते. माझीही अडली होती.

आज हा 'मग?' शिकायचा आहे, एक खराखुरा पेपर समोर ठेवून. पेपरचा प्रश्न साधा आहे: सर्जन कुशल आहे की नाही, हे ठरवायचं कसं? माझी पीएच.डी. सांख्यिकीत आहे आणि विषय रुग्णालयांच्या निकालांची तुलना हा आहे, त्यामुळे हा पेपर मला वाचावा लागणारच होता. पण तो मनाला लागला तो वेगळ्या कारणाने. ते आधी सांगते.

एक तारा

माझ्या आत्याच्या पित्ताशयात खडे होते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, तिने आठ महिने टाळलं. शेवटी पोटात कळ, ताप, रात्री अकरा वाजता तालुक्याच्या गावी धावपळ. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं. पित्त गळत होतं. मग शहरात हलवून एंडोस्कोपीने पित्तनलिकेत स्टेंट घातला, अठरा दिवस दवाखाना झाला. आत्या वाचली, आज ठणठणीत आहे.

त्या अठरा दिवसांत अख्ख्या भावकीने निकाल लावून टाकला होता: "त्या डॉक्टरचा हात चांगला नाही." मीही त्यात होते. नुसती होते असं नाही, मी मोबाईल काढून त्या दवाखान्याला एक तारा दिला आणि खाली चार ओळी लिहिल्या. तेव्हा मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बायनॉमियल डिस्ट्रिब्युशनचा पेपर मी नुकताच चांगल्या मार्कांनी पास झाले होते. ते गणित आणि हा एक तारा यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे डोक्यातही आलं नाही.

संबंध काय आहे तो बघा. समजा, एका सर्जनच्या हातून एखादी गुंतागुंत 100 ऑपरेशनांत 2 वेळा होते, आणि हा चांगला सर्जन आहे. त्याने यंदा 50 ऑपरेशनं केली. त्यात 2 किंवा जास्त गुंतागुंती होण्याची, म्हणजे तो 'चार टक्क्यांचा सर्जन' दिसण्याची शक्यता किती? वही घ्या आणि करून बघा. साधारण 26 टक्के येते. म्हणजे चारातून एकदा हा चांगला माणूस दुप्पट वाईट दिसणार.

आता उलट बाजू. दुसरा सर्जन खरंच दुप्पट वाईट आहे, 100 मागे 4. त्याच्या 50 ऑपरेशनांत एकही गुंतागुंत न होण्याची शक्यता 13 टक्के. म्हणजे आठातून एकदा हा माणूस अगदी कोऱ्या पाटीने फिरणार आणि लोक म्हणणार, "यांच्याकडे कधी काही झालंच नाही."

एक छोटा नियम लक्षात ठेवा, फार कामाचा आहे. कुणी म्हणालं, "मी इतकी ऑपरेशनं केली, एकदाही काही झालं नाही," तर 3 ला त्या आकड्याने भागा. 60 ऑपरेशनं केली असतील तर 3 भागिले 60, म्हणजे 5 टक्के. खरं प्रमाण 5 टक्क्यांपर्यंत असू शकतं, एवढंच आपण 95 टक्के खात्रीने म्हणू शकतो. शून्य दिसलं म्हणजे शून्य आहे, असं होत नाही.

आणि माझ्याकडे किती ऑपरेशनांची माहिती होती? एका. आत्याच्या.

मग निकाल मोजायचेच नाहीत का?

मोजायचे, पण ते मोजताना दुसरा खड्डा आहे. समजा, डॉ. क आणि डॉ. ख, दोघांनी प्रत्येकी 200 ऑपरेशनं केली.

डॉ. क: सोप्या केसेस 160, त्यात गुंतागुंत 8. अवघड केसेस 40, त्यात गुंतागुंत 10. एकूण 18, म्हणजे 9 टक्के.

डॉ. ख: सोप्या केसेस 40, त्यात गुंतागुंत 1. अवघड केसेस 160, त्यात गुंतागुंत 32. एकूण 33, म्हणजे 16.5 टक्के.

वरवर बघितलं तर क चांगला. पण सोप्या केसेसमध्ये क चे 5 टक्के आणि ख चे 2.5. अवघडमध्ये क चे 25 आणि ख चे 20. दोन्ही ठिकाणी ख चांगला आहे, आणि एकूण यादीत तोच खाली आहे. नेटला सिम्प्सन पॅराडॉक्स म्हणून जे पाठ करता, ते हेच. आठ महिने खडे अंगावर काढून, सुजलेलं पित्ताशय घेऊन रात्री अकराला येणारी माझी आत्या ही कोणत्या रकान्यातली केस होती, ते तुम्हीच ठरवा.

हा खड्डा कागदावरचा नाही. न्यूयॉर्क राज्याने हृदयाच्या बायपास ऑपरेशनांचे निकाल जमवायला सुरुवात केली आणि 1991 मध्ये 'न्यूजडे' या वर्तमानपत्राने कोर्टात जाऊन सर्जननिहाय आकडे मिळवले. त्या आकड्यांत रुग्ण किती आजारी होता याचा हिशोब धरलेला होता, तरीही पुढे प्रश्न उभा राहिला: आपला आकडा बिघडू नये म्हणून जास्त आजारी रुग्णांना नकार मिळू लागला का? ड्रानोव्ह आणि सहकाऱ्यांचा 2003 चा पेपर न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाच्या बाबतीत म्हणतो की अशी निवड झाली, आणि त्याचा फटका जास्त आजारी रुग्णांना बसला. मोजमाप सुरू झालं की ज्याला मोजतोय तो माणूसही वागणूक बदलतो. संशोधनाच्या आराखड्यात ही ओळ लिहायला विसरू नका.

आता तो पेपर

निकालांवरून हात ओळखणं इतकं अवघड असेल, तर सरळ हातच बघितला तर? हाच विचार जॉन बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी केला. पेपर ऑक्टोबर 2013 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जन मंडळींचा एक गट आहे, जो आपल्या सगळ्या रुग्णांची नोंद एकत्र ठेवतो. त्यातल्या 20 सर्जननी दुर्बिणीतून केलेल्या गॅस्ट्रिक बायपासचा आपला एकेक व्हिडिओ दिला. दुर्बिणीच्या ऑपरेशनात कॅमेरा आत असतोच, त्यामुळे चित्रीकरण फुकटात मिळतं. व्हिडिओवर नाव नाही. प्रत्येक व्हिडिओ किमान 10 सर्जननी बघितला आणि 1 ते 5 मध्ये गुण दिले. ऊती किती हळुवार हाताळल्या, जागा नीट उघडी केली का, अवजारं कशी धरली, वाया जाणाऱ्या हालचाली किती, काम अडखळत होतं की वाहत होतं, असे मुद्दे. ही मोजपट्टी शिकाऊ सर्जनसाठी टोरांटोत 1990 च्या दशकात तयार झालेल्या एका परीक्षेवरून घेतलेली आहे.

मग हे गुण त्या सर्जनच्या रुग्णांच्या निकालांशी लावून बघितले. रुग्ण एकूण 10,343.

सरासरी गुण 2.6 पासून 4.8 पर्यंत निघाले. तळाच्या चतुर्थांशात गुंतागुंतीचं प्रमाण 14.5 टक्के, वरच्या चतुर्थांशात 5.2. मृत्यू 0.26 टक्के विरुद्ध 0.05. पुन्हा ऑपरेशन करावं लागणं 3.4 विरुद्ध 1.6. ऑपरेशनला लागलेला वेळ 137 मिनिटं विरुद्ध 98.

पहिल्यांदा हे आकडे वाचले तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. म्हणजे 'हात' नावाची गोष्ट असते! आजी जे म्हणायची ते खरं निघालं. एक व्हिडिओ बघून माहीतगार माणसं सांगू शकतात की कोणाचे रुग्ण जास्त त्रासात पडतात. मी उत्साहाने गाईडसरांकडे गेले. सरांनी विचारलं, "n किती?" मी म्हटलं, "दहा हजार तीनशे त्रेचाळीस." सर म्हणाले, "पुन्हा वाच."

n किती?

n 20 आहे. प्रश्न सर्जनच्या कौशल्याचा आहे, तर मोजायचं एकक सर्जन. एकाच सर्जनचे 500 रुग्ण म्हणजे कौशल्याबद्दलची 500 सुटी निरीक्षणं होत नाहीत, ते एकाच गठ्ठ्यातले कागद आहेत. चतुर्थांश म्हणजे 5 माणसं. एवढा मोठा निष्कर्ष वरच्या 5 आणि तळाच्या 5 जणांच्या तुलनेवर उभा आहे. तळातल्या एकाचं हॉस्पिटल जरा डगमगतं असेल, तर तेवढ्यानेही आकडा हलू शकतो.

इथे आपली 'सॅम्पल साइज लहान आहे' ही ओळ येते. पण लक्षात घ्या, ही ओळ आता रिकामी नाही. कशाचा सॅम्पल लहान आहे, ते आपण सांगितलं.

'मग?' चं उत्तर: त्रुटी कोणत्या दिशेला ढकलते

समीक्षा करताना नुसती त्रुटींची यादी देऊ नका. प्रत्येक त्रुटीपुढे लिहा, की तिच्यामुळे निष्कर्ष फुगला असेल की आकसला असेल. सगळी मेहनत इथेच आहे.

पहिली त्रुटी: व्हिडिओ सर्जनने स्वतः निवडला. आपण लगेच म्हणतो, "बायस आहे!" आहेच. पण दिशा बघा. माणूस आपला चांगलाच व्हिडिओ देणार. सगळ्यांनीच आपला चांगला दिवस दाखवला, तर गुणांमधला फरक कमी व्हायला हवा. तरीही 2.6 आणि 4.8 इतकं अंतर उरलं. म्हणजे ही त्रुटी निष्कर्षाला बहुधा कमकुवत करत नाही, उलट खरं अंतर यापेक्षा मोठं असेल अशी शंका येते.

दुसरी: सर्जन स्वेच्छेने आले. ज्याला आपल्या हाताबद्दल धाकधूक आहे तो व्हिडिओ देईल का? तळाचे खरे तळातले यात नसण्याचीच शक्यता जास्त. दिशा पुन्हा तीच. शिवाय हा निष्कर्ष मिशिगनबाहेर, दुसऱ्या शस्त्रक्रियेला जसाच्या तसा लावता येणार नाही.

तिसरी खरी जड आहे. जास्त गुण मिळालेले सर्जन वर्षाला जास्त ऑपरेशनं करत होते. आता गुंता झाला. ज्याच्याकडे जास्त केसेस, त्याचा हात बसलेला, हे खरं. पण जिथे जास्त केसेस तिथे भूलतज्ज्ञ, सिस्टर, वॉर्डबॉय सगळेच सरावलेले. ताप चढला की रात्रपाळीची सिस्टर लगेच ओळखते आणि फोन लावते. मग रुग्ण वाचला तो सर्जनच्या हाताने की सिस्टरच्या नजरेने? व्हिडिओत फक्त पोटाच्या आतलं दिसतं, वॉर्ड दिसत नाही. ही त्रुटी निष्कर्षाला फुगवते. फरकाचं सगळं श्रेय हाताला गेलं, त्यातलं थोडं टीमचं असू शकतं. कन्फाउंडिंग म्हणतात ते हेच, आणि 20 जणांच्या अभ्यासात ते पूर्ण सोडवून वेगळं काढणं शक्य नाही.

चौथी त्रुटी मोजपट्टीच्या अर्थाची. गुण दिले ते हाताला. पण सर्जनचं अर्धं काम सुरी हातात घेण्याआधी झालेलं असतं: या रुग्णाचं ऑपरेशन करायचं का, आज करायचं का, आणि आत गेल्यावर नीट दिसत नसेल तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडायचं का. या निर्णयांना व्हिडिओत गुण नाहीत. 'कौशल्य' या शब्दाखाली आपण नक्की काय मोजलं, हा कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटीचा प्रश्न.

याचा पुरावा त्याच मंडळींनी पुढे स्वतःच दिला. 2016 मध्ये त्याच गटाच्या पुढच्या पेपरात एक वर्षानंतरचे निकाल तपासले, आणि वजन किती घटलं, सोबतचे आजार किती बरे झाले, यांचा व्हिडिओच्या गुणांशी संबंध सापडला नाही. म्हणजे हात सांगतो की ऑपरेशननंतरचे दिवस सुखरूप जातील का. ज्यासाठी ऑपरेशन केलं ते साधलं का, हे हात सांगत नाही. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाची हद्द स्वतः आखून देणारे संशोधक मला आवडतात.

माझं मत

एवढ्या त्रुटी काढल्यावर पेपर टाकाऊ आहे का? अजिबात नाही. मी हा पेपर चांगल्या पेपरांत धरते, आणि कारणं सांगते. गुण देणाऱ्यांना नाव माहीत नव्हतं. निकालांची नोंद वेगळ्या व्यवस्थेतून आली होती, त्यामुळे गुण आणि निकाल एकमेकांत मिसळले नाहीत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, 'हे मोजता येत नाही, हे नुसतं कळतं' असं पिढ्यानपिढ्या म्हटल्या गेलेल्या गोष्टीला त्यांनी हात घातला. कारणाचा दावा सिद्ध झालेला नाही, पण प्रश्न पक्का उभा राहिला आहे.

माझी खरी तक्रार पेपरपेक्षा त्याच्या वापराबद्दल आहे. 'व्हिडिओ बघून सर्जन पास की नापास ठरवता येतो' असं कुणी यातून काढू नये. पाच-पाच जणांच्या दोन गटांच्या सरासरीत फरक दिसला, म्हणून अमुक एका सर्जनचं भविष्य कळलं असं होत नाही. गटाचं खरं ते एकट्याचं खरं असेलच असं नाही.

मग अशा मोजमापाचा उपयोग काय? त्याचं उत्तर मला एका जुन्या पेपरात सापडलं. लंडनचे बालहृदय सर्जन मार्क द लेव्हाल नवजात बाळांवर आर्टेरियल स्विच नावाची अवघड शस्त्रक्रिया करत. पहिल्या 52 बाळांत 1 मृत्यू. मग 53 ते 68 या 16 बाळांत 7. त्यांनी हे दडवलं नाही, 'नशीब' म्हणून सोडूनही दिलं नाही. ज्यांचे निकाल चांगले होते त्यांच्याकडे जाऊन ते पुन्हा शिकले, आणि 1994 मध्ये हा सगळा हिशोब स्वतःच्या नावाने छापला. एकामागून एक केसचा निकाल आलेखावर मांडत गेलं तर घसरण योगायोगाची आहे की खरी, हे किती लवकर ओळखता येतं, तेही त्यात दाखवलं.

हा पेपर वाचताना मला रडू आलं होतं, खरंच सांगते. सात बाळं. आणि ते मोजणारा माणूस स्वतःच. निकाल मोजायचे ते कुणाला फळ्यावर उभं करायला नव्हे, पुढचं बाळ वाचावं म्हणून, हे मला तिथे कळलं.

घरच्या माणसांसाठी

आपल्याकडे रुग्णाला सर्जननिहाय निकाल सहज बघायला मिळत नाहीत. भिंतीवरची डिग्री शिक्षण झाल्याचं सांगते, हॉस्पिटलचं मानांकन व्यवस्थेबद्दल सांगतं. हाताबद्दल दोन्ही गप्प. त्यामुळे आता घरी कुणाचं ऑपरेशन निघालं की मी तीन प्रश्न विचारायला सांगते. हेच ऑपरेशन तुम्ही वर्षाला साधारण किती करता? ठरल्याप्रमाणे झालं नाही तर आत काय कराल? आणि नंतर त्रास झाला तर रात्री कोण बघेल? यातून कौशल्य मोजलं जात नाही. पण डॉक्टर तिसऱ्या प्रश्नाला चिडतात की खुर्ची पुढे ओढून समजावतात, यावरून आपल्याला काहीतरी कळतं.

तो एक तारा मी गेल्या वर्षी काढून टाकला. ते डॉक्टर चांगले होते असं मला कळलं म्हणून नव्हे. ते चांगले होते की वाईट, हे मला आजही माहीत नाही, आणि आत्याच्या एका केसवरून ते कधीच कळणार नव्हतं. जे माहीत नव्हतं ते मी माहीत असल्यासारखं लिहिलं होतं, म्हणून काढला. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मला त्यांनी आठ महिन्यांपूर्वीच बोलावलं होतं ऑपरेशनला. मीच नाही गेले." हा मुद्दा अठरा दिवसांत भावकीतल्या कुणी विचारात घेतला नव्हता. केस-मिक्स, दुसरं काय!

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला एक पेपर घ्या. तीन त्रुटी काढा. प्रत्येकीपुढे एक बाण काढा: निष्कर्ष फुगतो की आकसतो. बाण काढता आला नाही, तर ती त्रुटी तुम्हाला अजून समजलेली नाही, पुन्हा वाचा. मुलाखतीत सर "बरं, मग?" म्हणाले की हा बाण दाखवा.

भेटू पुढच्या पेपरसोबत.